जुना ट्रॅक्टर घेताना : शेतकामाची आणि ओढकामाची पारख



उसाचा हंगाम आटोपला, साखर कारखान्यांची धुराडी थंडावली की गावोगाव जुने ट्रॅक्टर विक्रीला निघतात. कुणाला नवा घ्यायचा असतो, कुणाला हप्ते झेपत नाहीत, कुणाच्या ट्रॅक्टरचं मोठं काम निघणार असतं आणि ते त्याला आधीच कळलेलं असतं. नवा ट्रॅक्टर ज्याला परवडत नाही असा शेतकरी मग जुन्याकडे वळतो. त्यात वावगं काहीच नाही. चांगला निघालेला जुना ट्रॅक्टर आठ-दहा वर्षं बिनतक्रार राबतो. पण घरातलं सोनं गहाण टाकून, नाही तर सोसायटीचं कर्ज उचलून घेतलेला ट्रॅक्टर पहिल्याच पेरणीला फिटरच्या दारात उभा राहिला, तर पेरणीही जाते आणि पैसाही जातो. म्हणून आज या खरेदीबद्दल बोलू.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. ट्रॅक्टर उभा असताना बघून सौदा करू नका. तो दोन वेळा बघायचा: एकदा रात्रभर थंड झालेला असताना सुरू करताना, आणि एकदा भरलेली ट्रॉली मागे लावून चढावर आणि उतारावर. रंग, सीटचं नवं कव्हर, हॉर्न आणि टेप यांना विसरा. रंग मारायला दोन दिवस लागतात आणि त्याखाली वेल्डिंग झाकलं जातं.

बघायला जाण्याआधी आपलं काम कोणतं ते घरी बसून ठरवा. नुसती पेरणी, कोळपणी आणि खत-माल वाहायचा असेल तर ३५ अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर पुरतो. पाच फुटी रोटावेटरला साधारण ४० लागतात, सहा फुटीला ५० च्या आसपास, काळी भारी जमीन असेल तर थोडे जास्तच. गरजेपेक्षा मोठा ट्रॅक्टर स्वस्तात मिळतोय म्हणून घेतला, तर डिझेल रोज त्याची आठवण करून देतं.

दुसरं, त्याने आजवर काय काम केलं ते विचारा, आणि मालकाला विचारून भागत नाही म्हणून शेजारपाजारीही विचारा. भातखाचरात चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलची सीलं आणि ब्रेक आधी तपासायचे, कारण पाणी आणि चिखल तिथूनच आत शिरतो. वीटभट्टीवर किंवा मुरमावर चाललेल्याचा क्लच, गिअरबॉक्स आणि पुढचा ॲक्सल थकलेला असतो. हंगामभर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढलेल्याचं तर सगळंच नीट बघावं लागतं. उलट घरच्या शेतात, एकाच हाताखाली चाललेला ट्रॅक्टर वयाने जुना असला तरी आतून तरणा असू शकतो. म्हणून मी वर्षापेक्षा वापराला जास्त किंमत देतो.

तासांचं मीटर सगळे आधी बघतात. बघा, पण त्यावर विसंबू नका. जुन्या ट्रॅक्टरवर हे मीटर केबलवर चालतं, आणि केबल तुटली किंवा काढून ठेवली की ट्रॅक्टर चालतो अन् मीटर झोपतं. खरी साक्ष क्लच-ब्रेकची पायडलं देतात. ती झिजून गुळगुळीत झाली असतील, स्टेअरिंगचं चाक हाताने चकचकीत झालं असेल आणि मीटर मात्र १,८०० तास दाखवत असेल, तर मीटर खोटं बोलतंय.

आता थंड सुरू करण्याची परीक्षा. "दादा, राग मानू नका, सकाळी आम्ही येऊ, आम्ही येईस्तोवर ट्रॅक्टर चालू करू नका," असं मालकाला आदल्या दिवशी सांगा. गेल्या गेल्या इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर त्याने आधीच सुरू करून ठेवलंय, आणि ते कशासाठी हे तुम्ही समजून घ्या. सुरू करण्याआधी ऑइल मोजायची पट्टी काढून बघा. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी जातंय. हेड गॅस्केट किंवा लायनरच्या सीलांचं काम आहे. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा, गरम असताना कधीही नाही, वाफेने तोंड भाजतं. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर तेच दुखणं दुसऱ्या बाजूने दिसतंय.

मग किल्ली फिरवा. थंडीच्या दिवसांत सुरुवातीला थोडा पांढरा धूर येतो आणि जातो, त्याची काळजी नको. तो जातच नसेल तर विचार करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय, रिंगा-लायनर झिजलेत. काळा धूर बहुतेक वेळा एअर फिल्टर चोंदल्याने किंवा नोझल-पंपामुळे येतो, आणि त्याचा खर्च कमी-जास्त होऊ शकतो. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून उचलून धरा. किंचित वाफ निघणं वेगळं, आणि सायलेन्सरसारखा भकभक धूर निघणं वेगळं. भकभक निघत असेल तर इंजिन खोलायला आलंय, मालक काहीही म्हणो. झाकण काढल्यावर ऑइल उडतं, तेव्हा चेहरा लांब ठेवा.

क्लच बघायची साधी युक्ती आहे. मोकळ्या जागेत, पुढे-मागे माणूस नाही याची खात्री करून, ब्रेक घट्ट दाबून धरा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. बंद न पडता गुरगुरत राहिलं तर प्लेट घसरतेय. वासही येतो. तो जळका वास एकदा कळला की पुन्हा सांगावा लागत नाही.

आता ओढकामाकडे येऊ, कारण इथे प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे पाच टन माल उतारावर मागून ढकलत असतो आणि तो सगळा अडवायचा तो ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी. शेतात डावा-उजवा ब्रेक वेगळा वापरतो, तशी सवय असते. पण रस्त्यावर दोन्ही पायडलं जोडणारी पट्टी लागलेलीच पाहिजे. ती पट्टी जागेवर आहे का बघा. कित्येक जुन्या ट्रॅक्टरवर ती हरवलेली असते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. पट्टी लावून, रिकाम्या मैदानात मध्यम वेगात जोरात ब्रेक मारा. दोन्ही मागच्या चाकांच्या खुणा जमिनीवर सारख्या उमटल्या पाहिजेत. ट्रॅक्टर एका बाजूला खेचत असेल तर ते फक्त ॲडजस्टमेंटचं काम आहे, की सील गळून लायनिंगवर ऑइल आलंय, हे फिटरकडून बघून घ्या. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असतील तर ते टिकतात, पण उघडायची वेळ आली की खर्च मोठा.

मग भरलेली ट्रॉली लावा. मालक म्हणेल, "एवढं कशाला?" त्याला म्हणा, आमचं काम हेच आहे. चढावर दम लागतो का, पाण्याचा काटा वर जातो का, ते बघा. उताराची परीक्षा मात्र त्याहून महत्त्वाची. ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर उतरा, ॲक्सिलेटर सोडा आणि गिअरच्या दांड्यावर हात न ठेवता त्याकडे लक्ष द्या. दांडा थरथरत आपोआप न्यूट्रलला येत असेल तर हा ट्रॅक्टर सोडून द्या. दाते झिजल्यावर असं होतं, आणि भरल्या ट्रॉलीसह उतारावर गिअर सुटला तर तो पुन्हा पडत नाही. ही चाचणी लहान उतारावर, कमी वेगात, मालक किंवा त्याचा सरावलेला चालक बसवून करायची. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे चालक अजूनही आहेत. त्यांच्या हातात हा ट्रॅक्टर असेल तर गिअर सुटतो हे त्यांना कधी कळतही नाही.

हूक आणि पिनेचं भोक बघा. भोक गोल न राहता लांबट झालं असेल तर ट्रॉलीने वर्षानुवर्षं हिसके दिलेत. हुकाच्या आसपास आणि मागच्या हाउसिंगवर वेल्डिंगचे टाके आहेत का, रंगाखाली हात फिरवून बघा. मालकाने हूक उंच घेतला असेल तर कारण विचारा. ट्रॉली किंवा अडकलेला ओंडका मागच्या ॲक्सलच्या वर, टॉप लिंकला बांधून ओढू नये. पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालकावर पडतो. तेवढ्यात उडी मारायलाही वेळ मिळत नाही. दोनचाकी ट्रॉलीचं वजन हुकावर येतं आणि ट्रॅक्टरचा पुढचा भाग हलका होतो, तेव्हा पुढे लावायची वजनं ट्रॅक्टरबरोबर मिळतायत का हेही विचारा. बऱ्याचदा ती भंगारात गेलेली असतात.

पुढचा ॲक्सल जॅकवर उचला आणि चाक दोन हातांनी वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. खटखट आली तर किंगपिन, बुश किंवा बेअरिंग गेलंय. याचा खर्च इंजिनाच्या मानाने थोडा. त्याने घाबरू नका, भावात धरा.

लिफ्टसाठी जड अवजार लावून वर उचला आणि इंजिन बंद करा. चहा होईस्तोवर अवजार बऱ्यापैकी वर राहिलं पाहिजे. बघता बघता खाली आलं किंवा इंजिन चालू असताना सारखं हिंदकळत राहिलं, तर आत गळती आहे. पीटीओही चालवून बघा, शक्य असेल तर रोटावेटर लावून.

टायर म्हणजे मोठी रक्कम. मागच्या टायरची नक्षी किती उरली एवढंच न बघता कडेच्या भिंतीवरच्या भेगा बघा. टायरवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१६ असेल तर टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला.

मेकचा प्रश्न अनेक जण विचारतात. माझं म्हणणं, तुमच्या तालुक्यात ज्याचे भाग आणि फिटर मिळतात तो ट्रॅक्टर चांगला. एचएमटीचे ट्रॅक्टर ओढीला जोरदार म्हणून आजही लोक शोधतात, पण पिंजोरचा त्यांचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. तेव्हा तसा घेणाऱ्याने भाग कुठून मिळतील ते आधी विचारून ठेवावं.

हे सगळं बघून झालं की भाव. समजा मालक ३ लाख ५० हजार म्हणतो. तुमच्या फिटरने सांगितलं की मागचे दोन टायर ४५ हजार, क्लच २० हजार, पुढचं किंगपिनचं काम ५ हजार. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्याकडचे भाव तुम्ही विचारा. म्हणजे तुम्हाला हा ट्रॅक्टर ४ लाख २० हजाराला पडतो. या आकड्याची तुलना दुसऱ्या ट्रॅक्टरशी करा, साडेतीन लाखांची नाही. आणि हे कागदावर लिहून मालकासमोर ठेवा. तोंडी घासाघीस करण्यापेक्षा कागदाचं वजन पडतं. फिटर मात्र आपला न्यावा. मालकाने किंवा दलालाने सुचवलेला फिटर नको.

इसार देण्याआधी कागद. आरसी बुकावरचा चासिस नंबर आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबरशी एकेक आकडा जुळवा. बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का हे आरसीवर आणि परिवहन विभागाच्या ऑनलाइन नोंदीतही दिसतं. बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि सही-शिक्क्याचा नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. "पुढच्या महिन्यात मिटवतो" हा शब्द पुरत नाही. हप्ते थकले तर कर्ज देणारा ट्रॅक्टर तुमच्या दारातून ओढून नेतो. नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. मुदत संपलेली असेल तर तो खर्चही मालकाच्या भावातून वजा. परराज्यातला ट्रॅक्टर असेल तर नमुना २८ चं ना-हरकत पत्र लागतं. ट्रॉलीचेही कागद वेगळे मागा.

स्टँपवर लिहून घेतलं म्हणजे ट्रॅक्टर नावावर झाला, असं समजणारे पुष्कळ आहेत. तसं होत नाही. नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या करून आरटीओत नाव बदलावं लागतं. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमा आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवस असतात. विकणाऱ्यालाही यात घाई असावी, कारण नाव बदलेपर्यंत अपघात झाला तर नोंदीतला मालकच भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याला हे सांगा, तो स्वतःच तुमच्याबरोबर आरटीओत येईल.

ट्रॅक्टर घरी आला की पहिल्या कामाला जोडण्याआधी इंजिनाचं ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदला, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइल तपासा, सगळ्या निपलांना ग्रीस द्या. जुन्या मालकाने शेवटचं ऑइल कधी बदललं याचा अंदाज बांधत बसू नका. काढलेलं ऑइल स्वच्छ भांड्यात घेऊन उन्हात धरा. त्यात धातूची चमक दिसली तर फिटरला त्याच दिवशी बोलवा. आणि तासांचं मीटर बंद असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या, म्हणजे पुढचं ऑइल कधी बदलायचं ते कळेल.