विम्यातील वजावट

चेन्नईच्या उत्तरेस, आंध्रच्या सीमेलगत गुम्मिडिपूंडीची औद्योगिक वसाहत आहे. तेथील एखाद्या कामगाराची मोटारसायकल महामार्गावर घसरली, तर विमा असूनही दुरुस्तीची आरंभीची काही रक्कम त्यालाच सोसावी लागते. हीच वजावट. तिचा एक भाग सक्तीचा, दुसरा ऐच्छिक. आणि मोह पडतो तो दुसऱ्याचा. २००२ च्या मोटार दरपत्रकात ३,००० रुपयांची ऐच्छिक वजावट पत्करणाऱ्या दुचाकीस्वारास हप्त्यात २५ टक्के, पण फार तर २५० रुपये सूट होती. म्हणजे एक मोठी दुरुस्ती निघाली, की बारा वर्षांची बचत गेली! २००७ पासून कंपन्या आपापले दर ठरवितात. तेव्हा हा हिशेब सहीपूर्वीच मांडावा. वाटसरूस इजा झाल्यास मात्र त्याच्या भरपाईला ही कात्री लागत नाही.