फोटोखालची दोन नावे

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या दिवशी संगमेश्वर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमचे शिक्षण चौथीपर्यंत. भात, नाचणी, चार काजूची झाडे आणि कीर्तन, एवढाच आमचा संसार. समितीने सांगितले, बुवा, शंभर वर्षांवर बोला. पण त्यावर सकाळपासून आमच्यापेक्षा जाणती माणसे बोलली. आम्ही आज एका फोटोवर बोलणार आहोत. मांडवाच्या दारात मोठा बॅनर लावला आहे. त्यावर आपले वैकुंठवासी विणेकरी उभे आहेत, गळ्यात वीणा, डोळे अर्धे मिटलेले. येताना प्रत्येकाने तिथे हात जोडले. आम्हीही जोडले. त्या फोटोच्या बाबतीत आपल्या हातून एक चूक झाली आहे. ती या मांडवातच बोलून टाकावी म्हणून उभे राहिलो.

आधी एक विचारतो. ज्यांनी ही दिंडी उभी केली त्यांचा चेहरा कुणी पाहिला आहे? नाही. वहीत नावे आहेत, पण तोंडे नाहीत. त्या काळी आपल्या वाडीत फोटो कोण काढणार? म्हणून आज कुणाच्या घरी एखादा पिवळा पडलेला फोटो सापडला की आपण तो देवाजवळ ठेवतो. माणूस जातो, फोटो राहतो. म्हणूनच तो कसा काढला आणि त्याच्याखाली काय लिहिले, याला मोल आहे.

हे आम्हाला आमच्या आईपायी कळले. २००५ सालच्या जुलैत कोकणात आणि मुंबईत जो पाऊस झाला, तो तुम्हाला आठवत असेल. शास्त्री आणि सोनवी दोन्ही फुगल्या होत्या. आमच्या घरात पाणी शिरले, घर मात्र उभे राहिले. पाणी उतरल्यावर आई दारात बसून भिजलेली पोथी पान पान करून सुकवत होती. कुणीतरी आले, फोटो काढून गेले. चार दिवसांनी एका कागदात तो छापून आला. फोटो चांगला होता हो. पण खाली लिहिले होते, ‘पुरात सर्वस्व गमावलेली निराधार वृद्धा’.

दुकानावर कुणीतरी ते मोठ्याने वाचले. आई घरी येऊन म्हणाली, “तुम्ही चौघं पोरं जिती असताना मी निराधार कशी रे? आणि पोथी माझ्या हातात आहे, मग सर्वस्व कुठं गेलं?” आम्हाला उत्तर सुचेना. त्या दिवसापासून कुणी कॅमेरा काढला की आई पदर तोंडावर घ्यायची. नातवाच्या लग्नातही तिने फोटो काढू दिला नाही. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला घरात तेवढे एकच कात्रण होते. आम्ही कात्री घेतली, खालची ओळ कापली आणि वरचा फोटो चौकटीत बसवला. आजही तोच आहे. त्याला हार घालताना खालची कापलेली कड अजून आमच्या डोळ्यांना टोचते.

तेव्हापासून वर्तमानपत्राच्या फोटोवाल्यांवर आमचा राग. आणि एका माघीला असाच एक जण आपल्या दिंडीत चालायला आला. आषाढात आपली लावणी असते, पाय चिखलात असतात. म्हणून आपण कोकणातले बरेचसे माघीला निघतो, हे त्याला कुणीतरी सांगितले होते. कोकण रेल्वेने संगमेश्वर रोडला उतरला. पाठीवर काळी पिशवी, पायात साधे बूट. एका मासिकाने चार दिवसांचे काम दिले होते. पहिला दिवस त्याने कॅमेरा बाहेरच काढला नाही. देवरूखपर्यंत नुसता चालला, कुणाची पिशवी धर, कुणाला पाणी दे.

साखरप्याच्या मुक्कामाला आम्ही विचारले, “कुठल्या पेपरात नोकरीला?”

म्हणाला, “कुठेच नाही, बुवा. फ्रीलान्स आहे. बोलावतील त्यांचं काम करायचं.”

“म्हणजे रोजंदारी.”

तो हसला. “रोजंदाराला संध्याकाळी पैसे मिळतात, बुवा.”

मग त्याने आपला धंदा सांगितला. आंब्याचा घाट चढता चढता आम्ही ऐकत गेलो, आणि ऐकता ऐकता वाटले, हा तर आपलाच धंदा सांगतोय. काम मिळते ते ओळखीवर. प्रवासाचा खर्च पुष्कळदा आधी आपल्या खिशातून. फोटो छापून आला की मग बिल द्यायचे, आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी. छापलाच नाही तर कधी अर्धे, कधी काहीच नाही. भाव समोरचा ठरवणार. आपला काजू तरी काय? झाड आपले, राखण आपली, आणि भाव सांगतो व्यापारी. कॅमेरा हप्त्यावर घेतलेला. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेने भिंगावर बुरशी धरते, म्हणून तो कॅमेरा पाणी शोषणाऱ्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवायचा. मोहोरावर भुरी आली की आपली झोप उडते, तशी त्याची भिंगावर बुरशी दिसली की. घर चालावे म्हणून लग्नसराईत लग्नाचे फोटो काढायचा. त्यावर वर्ष निघते, म्हणाला, आणि उरलेल्या दिवसांत हे मनाचे काम.

काम कसे ते पाहिले. पहाटे काकड्याच्या आधी उठायचा. म्हणे, सकाळचा आणि सांजचा उजेड तिरपा असतो, त्यात तोंडावरची रेघ न् रेघ दिसते. दुपारचा उजेड डोक्यावर, डोळ्यांत नुसत्या सावल्या. चार दिवसांत हजारावर फोटो काढले. त्यातले तीस निवडून पाठवले आणि छापले पाच. आम्ही म्हणालो, “बाकीचे वाया गेले?” तो म्हणाला, “बुवा, तुम्ही पेरता तेवढं सगळं रुजतं का?”

एक गोष्ट तुम्हा सर्वांसमोर सांगण्यासारखी. मासिकवाल्यांना एखादी रडणारी म्हातारी हवी होती. दोन दिवस कुणी रडले नाही. आपल्याच मंडळींपैकी एक आजी म्हणाली, “मी रडून दाखवते की, काढ फोटो.” सगळे हसले. पोराने कॅमेरा खाली ठेवला. म्हणाला, “आजी, लग्नात मी सांगतो तशी माणसं उभी राहतात, ते चालतं. हा वाचणाऱ्याला खरा म्हणून दाखवायचा फोटो आहे. इथं सांगून रडवलं तर ते खोटं होईल.” माऊली, आम्ही तीस वर्षे कीर्तन करतो. समोरच्याला रडवायची खुमखुमी आम्हालाही येते. त्या दिवशी आम्हीच जरा ओशाळलो.

मग रात्री त्याला आमच्या आईची गोष्ट सांगितली. रागानेच सांगितली. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “बुवा, ती ओळ फोटो काढणाऱ्यानंच लिहिली असेल असं नाही. आम्ही फोटो पाठवतो, दोन ओळी पाठवतो. तिकडं टेबलावर बसलेला माणूस जागेप्रमाणं त्या कापतो, कधी दुसऱ्याच घालतो. पण त्यानं तुमच्या आईचं नाव विचारून पाठवलं असतं, तर तिला निराधार लिहिताना टेबलावरच्या माणसाचा हात अडला असता.” आणि खिशातून छोटी वही काढून दाखवली. ज्यांचे फोटो घेतले त्यांची नावे, वय, गाव, कितवी वारी, सगळे लिहिलेले. आम्ही त्या वहीकडे बराच वेळ पाहत राहिलो. इतकी वर्षे जो राग एका अनोळखी माणसावर धरला होता, तो कुठे ठेवावा हे कळेना.

त्याने तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्ही पुढे नातवाकडून वाचूनही घेतली. १९९३ साली आफ्रिकेतल्या सुदान देशात दुष्काळ पडला होता. केव्हिन कार्टर नावाच्या फोटोवाल्याने एका उपाशी लेकराचा फोटो काढला. लेकरू भुईवर कोसळलेले, मागे गिधाड बसलेले. अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रात तो छापून आला. जगभरातून लोक विचारू लागले, त्या मुलीचे पुढे काय झाले? त्याने गिधाड हाकलले होते, पण लेकराचे नाव-गाव त्याच्याजवळ नव्हते. १९९४ साली त्याला तिकडचा पुलित्झर हा मोठा मान मिळाला, आणि त्याच साली त्याने स्वतःचा जीव दिला. किती ओझे असेल त्या जिवावर! पुढे २०११ साली बातमीदारांनी शोध घेतला, तेव्हा घरच्यांनी सांगितले, ती मुलगी नव्हतीच, मुलगा होता, आणि त्या दुष्काळातून तो वाचला होता. म्हणजे बघा, साऱ्या जगाने ज्याला पाहिले, त्याचे नाव अठरा वर्षे जगाला ठाऊक नव्हते. त्यालाही बाप होता, घर होते.

हे झाले फोटोतल्या माणसाचे. आता काढणाऱ्याचे. होमाई व्यारावाला म्हणून बाई होत्या, १९१३ साली नवसारीला जन्मल्या, मुंबईत शिकल्या. आपल्या देशात वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या पहिल्या बाई त्याच. सुरुवातीला एका फोटोला एक रुपया मिळाला. आणि बाईमाणसाचे नाव कोण लावणार, म्हणून आरंभीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. जड कॅमेरा खांद्याला आणि अंगावर साडी, अशा त्या दिल्लीत फिरल्या. स्वातंत्र्याच्या वेळची पुढारी मंडळी आपण ज्या फोटोंतून ओळखतो, त्यातले कितीतरी त्यांचे. २०११ साली सरकारने पद्मविभूषण दिले, तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. आणि आपल्या वारीचेच घ्या. पुण्याचे संदेश भंडारे वारीत हिंडले, वारकऱ्यांचे फोटो काढले, त्याचे पुस्तक झाले. त्यांनीच तमाशातल्या कलावंतांचेही फोटो काढले. ज्यांच्याकडे कुणी नीट बघत नाही त्यांच्याकडे नीट बघणे, हीसुद्धा एक सेवाच आहे.

आता आपल्या चुकीकडे येतो.

चार दिवसांचे काम संपले, मासिकाचे फोटो गेले, तरी तो पोरगा स्वतःच्या पदराने पंढरपूरपर्यंत चालला. वाळवंटात उतरताना त्याने आपल्या विणेकऱ्यांना विचारले, “काढू का?” त्यांनी मान हलवली. तो हा बॅनरवरचा फोटो. त्याच वर्षी भातकापणीच्या आधी विणेकरी वैकुंठाला गेले. पोराने तो फोटो त्यांच्या घरी पाठवला, चौकटीसकट, एक पैसा न घेता. घरच्यांनी तो मोबाईलवर घेऊन गटात टाकला. तिथून तो शंभर फोनांवर गेला. आणि शताब्दीची तयारी सुरू झाली तेव्हा आपण तो फोनवरून उचलला, बॅनरवर घातला, पत्रिकेवर घातला, पावतीपुस्तकावर घातला. खाली बॅनर छापणाऱ्याचे नाव आले, देणगीदारांची नावे आली, आमचेही नाव आले. फोटो काढणाऱ्याचे आले नाही. त्याला कुणी विचारलेही नाही. समितीत आम्हीही होतो.

पत्रिका फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेली. त्याचा फोन आला. आम्हाला वाटले, भांडेल. तो एवढेच म्हणाला, “बुवा, फोटो छान आलाय. खाली नाव असतं तर मुलीला दाखवला असता.”

माऊली, आमच्या आईच्या फोटोखाली खोटे नाव लागले म्हणून आम्ही इतकी वर्षे जळत होतो. आणि या पोराचे खरे नाव आपण पुसून टाकले. त्या कागदात आणि आपल्यात मग फरक काय राहिला?

नातवाने कायदा वाचून सांगितला. १९५७ चा कॉपीराइटचा कायदा आहे. पगारी नोकरीत काढलेला किंवा पैसे देऊन सांगून काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर सांगणाऱ्याचा. पण आपणहून काढलेला फोटो काढणाऱ्याचा, त्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षे. आणि हक्क विकला तरी ‘हे काम माझे’ असे सांगायचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. फोनवर आला म्हणून फोटो आपला होत नाही. दुसऱ्याच्या बांधावरचा फणस वाऱ्याने आपल्या अंगणात पडला, तर आपण हाक मारून देतो की नाही? तसेच हे.

आम्ही समितीसमोर विषय काढला. काहीजण म्हणाले, देवाचे काम आहे, त्यात कसले पैसे? आम्ही म्हणालो, मांडववाल्याला दिले, आचाऱ्याला दिले, मंडप सजवणाऱ्याला दिले. ते देवाचे काम नव्हते का? देवाच्या नावावर गरिबाची मजुरी बुडवायची नसते. शेवटी सगळे कबूल झाले. त्याला विचारून, त्याने सांगितला तो मोबदला पाठवला. पैसे घेताना तो संकोचला, पण आम्ही आग्रह धरला. या स्मरणिकेत त्या फोटोखाली त्याचे नाव छापले आहे आणि विणेकऱ्यांचेही. दोन्ही नावे तिथे आहेत, म्हणून आम्ही इथे घेत नाही. पान उलटून वाचा, आणि फोटोला हात जोडाल तेव्हा त्या पोराची आठवण ठेवा.

उद्या काला आहे. शंभर फोन वर होतील. काढा, जरूर काढा. पण समोरच्याला विचारून काढा. आजीचा काढलात तर तिचे नाव लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी तिचे पणतू शोधतील. दुसऱ्याने काढलेला पुढे पाठवाल तर त्याचे नाव पुसू नका.

आमच्या घरी आईच्या चौकटीत आम्ही परवा एक चिठ्ठी खोचली, जिथे ती ओळ कापली होती तिथे. नातवाच्या अक्षरात तिचे नाव, तिच्या वाडीचे नाव, आणि पुढे एवढेच : ‘पोथी सुकवताना, २००५’. काढणाऱ्याचे नाव आम्हाला ठाऊक नाही. त्याची जागा रिकामी सोडली आहे. तो कधी या बाजूला आला तर त्याने लिहावे. आमचा राग आता उरलेला नाही.

बोलण्यात अधिकउणे झाले असेल तर लेकरू समजून पदरात घ्या.

रामकृष्ण हरी!