वैमानिकाचे तास



आपल्या विद्यार्थी-निधीकडे वैमानिकी शिकण्यासाठी कर्जाचे अर्ज येऊ लागले आहेत, म्हणून हा विषय आम्ही घेतला.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ प्रवासी विमान कोसळून ५० माणसे मृत्यू पावली. मृतांच्या आप्तांनी नेट धरला, २०१० साली कायदा झाला आणि २०१३ पासून सहवैमानिकासही १५०० तासांच्या उड्डाणाची अट लागू झाली. पूर्वी २५० तासांवर भागत असे. विशेष हे, की त्या विमानाच्या दोघाही वैमानिकांचे तास १५०० हून अधिकच होते! त्यामुळे तेथील वाद अद्याप मिटलेला नाही. लष्करी वैमानिकांस ७५० तासांची सवलत मिळते. बाकीचे तरुण बहुधा उड्डाणशाळेत नवख्यांना शिकवून तास भरतात. (शिकवता शिकवता शिकणे आम्हां मास्तरांस नवे नाही.) कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही.

आपल्याकडे २०० तासांवर व्यावसायिक परवाना मिळतो. १५०० ची अट कप्तानाच्या परवान्यास आहे. परंतु परवाना म्हणजे नोकरी नव्हे. म्हणून निधीच्या परतफेडीची मुदत परवान्याच्या नव्हे, नोकरीच्या तारखेपासून मोजावी, अशी सूचना आम्ही या सभेपुढे मांडतो.