एग पोचर, आजी आणि मऊ बलक

मागे जो तडतड आवाज येतोय तो पावसाचा आहे. पडवीवर पत्रे आहेत, आणि रेकॉर्डिंग चालू आहे हे पावसाला सांगून उपयोग नाही. तर तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे घरच्या घरी एग पोचरमध्ये केलेली अंडी. आता तुम्ही म्हणाल, मालवणात बसून अंड्यावर काय बोलतोस, माशावर बोल. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ६१ दिवस यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. या दिवसांत आमच्या घरात एक तर सुकी मासळी, नाही तर अंडी.

यंदा त्यात एक अडचण आली. आजीचे उरलेसुरले दात काढावे लागले. सुका बांगडा बंद, भाकरी बंद. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं कमी पडू देऊ नका, मऊ काहीतरी द्या. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि अंड्याइतकं मऊ दुसरं काय असणार? मी लगेच ऑनलाइन एग पोचर मागवला. गॅसवर ठेवायचा साधा प्रकार: खाली पसरट भांडं, त्यावर चार वाट्यांची जाळी, वर झाकण.

व्हिडिओ बघून पहिलं अंडं केलं. दिसायला एकदम झकास! पांढरं थरथरतंय, चमचा लावला की पिवळा बलक ओघळतोय. मी फोटोही काढला. आजीने एकदा ताटलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"ह्यां अंडां कच्चां हा. माका नको."

मला वाटलं, जुन्या माणसांची सवय, दुसरं काय. पण मग नीट वाचलं आणि लक्षात आलं की आजीचं बरोबर आहे.

गोष्ट अशी आहे. साल्मोनेला नावाचा जिवाणू अंड्याच्या टरफलावर असू शकतो, कधी कधी आतसुद्धा. तरण्याताठ्या माणसाला त्याने जुलाब, उलट्या, ताप होतो आणि बहुतेक वेळा काही दिवसांत बरं वाटतं. पण म्हातारी माणसं, गरोदर बायका, लहान मुलं यांच्यात तेच दुखणं गंभीर होऊ शकतं.

मग व्हिडिओत सगळे ओघळता बलक का खातात? मी बघत होतो ते बरेचसे व्हिडिओ इंग्लंडचे होते. तिकडे लायन नावाची योजना आहे. त्यातल्या कोंबड्यांना साल्मोनेलाची लस देतात आणि अंड्यावर सिंहाचा लाल शिक्का असतो. २०१७ साली तिथल्या अन्नसुरक्षा खात्याने सांगितलं की, शिक्का असलेली अंडी म्हाताऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी अर्धकच्ची खाल्ली तरी चालतील. म्हणजे तो सल्ला त्या शिक्क्याच्या अंड्यांसाठी आहे. आपल्या नाक्यावरच्या दुकानातल्या ट्रेला तो लागू होत नाही. आणि गावठी अंडं घरचं असलं तरी जिवाणूला ते कळत नाही.

तेव्हा प्रश्न असा झाला की बलक पूर्ण शिजला पाहिजे, पण पांढरं रबरासारखं होता कामा नये. कारण रबर आजीला चावणार कुठून?

इथे थोडं विज्ञान. अंड्याचं पांढरं साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला घट्ट व्हायला लागतं. बलक ६५ च्या पुढे दाटतो आणि ७० च्या आसपास धरतो. अमेरिकेत सरकारी सल्ला अंड्याचे पदार्थ ७१ अंशांपर्यंत शिजवण्याचा आहे. पण पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन ८० च्या वर गेल्यावर धरतं, आणि तिथून पुढे ते कडक होत जातं. म्हणजे आपल्याला बलक सत्तरीच्या पुढे न्यायचाय, पण पांढऱ्यावर उगाच १०० चा मारा करायचा नाही.

आता पोचर काय करतो बघा. नाव पोचर, पण खरं तर तो अंडं वाफवतो. पोच करणं म्हणजे अंडं फोडून थेट गरम पाण्यात सोडणं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ खिसा, कारण पांढरं बलकाभोवती खिशासारखं गुंडाळतं. पोचरमध्ये अंडं पाण्याला शिवतच नाही. हे कळल्यावर माझ्या चुका आपोआप सापडल्या. इडली-मोदक करणाऱ्या घरात वाफेचे नियम काही नवीन नाहीत.

तर माझी पद्धत सांगतो. पाणी बोटाच्या एका पेराएवढंच, वाट्यांच्या तळाला लागता कामा नये. मी पहिल्यांदा जास्त घातलं, तर उकळून वाटीत उडालं आणि अंड्याचं सूप झालं. वाट्यांना आतून तेलाचं बोट फिरवा, नाहीतर अर्धं अंडं वाटीलाच राहतं. अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा. खराब निघालं तर तिथेच कळेल. पाणी उकळलं की अंडी ओता, गॅस बारीक करा, झाकणाला फडकं गुंडाळून झाकण लावा. फडक्यामुळे वाफेचं पाणी अंड्यावर ठिबकत नाही, मोदकांना करतो तसंच. फक्त फडक्याची टोकं वर बांधा, गॅसपासून लांब.

माझ्या पोचरमध्ये चार मिनिटांत पांढरं धरतं आणि बलक वाहता राहतो. आजीसाठी मी पाच मिनिटांनी गॅस बंद करतो आणि झाकण न उघडता आणखी चार मिनिटं ठेवतो. आतली उष्णता हळूहळू उतरते, बलक पूर्ण धरतो आणि पांढरं मऊ राहतं. तुमचं भांडं वेगळं, अंडी फ्रिजमधली असतील तर वेळही वेगळा. म्हणून घड्याळावर विसंबू नका, पहिल्या अंड्याचा बलक चमच्याने फोडून बघा. आत ओला, वाहता भाग दिसला तर परत झाकण.

पोचर नसेल तर विकत घ्यायलाच हवा असं नाही. मोदकपात्रात किंवा इडलीपात्रात चाळणीवर तेल लावलेल्या स्टीलच्या छोट्या वाट्या ठेवा. काम तेच.

दुसऱ्या प्रयत्नाचं अंडं आजीने खाल्लं. मीठ-मिरपूड घातली होती. खाऊन झाल्यावर म्हणाली, "बरां आसा. पण आमी अंडां फोडून थेट सांबाऱ्यात सोडतंव. तेका खंयचां मशीन लागता?"

आणि मी गप्प! कारण खरं पोच केलेलं अंडं ते आहे. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटप, मालवणी मसाला, रस्सा मंद उकळतोय, त्यात एकेक अंडं अलगद सोडायचं आणि ढवळायचं नाही. रस्सा दाट म्हणून पांढरं पसरत नाही. आजी सोलं आधी टाकते. परदेशात पोच करताना पाण्यात व्हिनेगर घालतात, कारण आंबटपणाने पांढरं लवकर धरतं. आपल्या कोकमाचीही तीच मदत होते.

फक्त यासाठी अंडं ताजं हवं. अंडं जुनं होतं तसं त्याचं पांढरं पातळ होतं, उकाड्यात तर फारच लवकर, आणि रश्शात त्याच्या चिंध्या होतात. पाण्यात टाकून बघा: ताजं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं. तिथे पोचर उपयोगी पडतो, कारण पांढरं पातळ झालं तरी वाटी त्याला धरून ठेवते.

आता आमच्याकडे वाटणी ठरली आहे. सकाळी पोचर, कारण आजीला सकाळी तिखट नको असतं. दुपारी सांबारं, थोडं कमी तिखट, मऊ भातावर. त्यातली अंडी झाकण ठेवून आठेक मिनिटं शिजतात. दोन्हीकडे बलक घट्ट.

माझ्यासाठी मी अजूनही कधीतरी ओघळता बलक करतो. तो माझा निर्णय, माझं पोट. पण तुमच्या घरात आजी-आजोबा, लहान बाळ किंवा गरोदर बहीण असेल, तर फोटो चांगला यावा म्हणून त्यांचं अंडं कच्चं ठेवू नका.

तुमच्याकडे अंडं रश्शात सोडतात की उकडून घालतात, ते मला नक्की कळवा. चला, वीज जायच्या आत हा भाग अपलोड करतो. भेटू पुढच्या भागात!