अपडेट हातानं करायचं तर

अँटिव्हायरस हा विषय तुम्ही का सुचवलात, ते मला ठाऊक आहे. इथं बसलेल्या अनेकांच्या आईवडिलांकडे, सांगलीला नाहीतर नाशिकला, एक जुना कॉम्प्युटर आहे आणि तो चालता ठेवायची जबाबदारी फोनवरून तुमच्यावर आहे. हॉटस्पॉटचा डेटा संपतो म्हणून आपोआप होणारी अपडेट कुणीतरी बंद करून ठेवलेली असतात.

बंद करणाऱ्याला मी दोष देणार नाही. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका डेफिनिशन फाइलनं, म्हणजे व्हायरस ओळखायच्या यादीनं, विंडोज एक्सपीच्या स्वतःच्याच एसव्हीसीहोस्ट या फाइलला व्हायरस ठरवलं आणि असंख्य मशीनं पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिली. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या आपोआप आलेल्या एका सदोष फाइलनं सुमारे 85 लाख विंडोज मशीनं बंद पाडली. विमानं रखडली, इस्पितळांची कामं अडली. म्हणून अपडेट आधी एका मशीनवर तपासून मग बाकीच्यांना देणारी कार्यालयं शहाणीच म्हणायची. पण तिथं ते काम कुणाच्या तरी नावावर असतं. घरी ते कुणाच्याच नावावर नसतं, आणि खरा धोका तिथं आहे. विंडोजमधल्याच मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटिव्हायरसच्या नव्या डेफिनिशन दिवसातून अनेकदा निघतात. चार महिने जुन्या यादीवर विसंबलेल्या मशीनला मी सुरक्षित म्हणणार नाही.

नेट असेल तर काम सोपं आहे. विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा आणि खाली ‘प्रोटेक्शन अपडेट्स’मधून ‘चेक फॉर अपडेट्स’ करा. नेट नसेल तर दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून डेफिनिशनची एमपीएएम-एफई ही फाइल उतरवून पेन ड्राइव्हनं न्यायची. 32 बिट, 64 बिट आणि एआरएम यांच्या फाइली वेगळ्या असतात, तेव्हा आधी मशीन कोणतं ते बघा. फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये डिजिटल सही मायक्रोसॉफ्टची आहे ना, तेही पाहा. मग ती चालवा. इथं लोक गोंधळतात, कारण पडद्यावर काहीच दिसत नाही. खिडकी उघडत नाही, ‘झालं’ असा निरोप येत नाही. वडील फोनवर म्हणतात, “अरे, काही झालंच नाही.” झालेलं असतं. थोडं थांबून त्यांना ‘प्रोटेक्शन अपडेट्स’मधला आवृत्तीचा आकडा आणि तारीख वाचून दाखवायला सांगा. तारीख आजची किंवा कालची असली की काम फत्ते.

पुण्याच्या क्विक हीलनंही ऑफलाइन अपडेटची सोय ठेवली आहे. ज्या कंपनीचा अँटिव्हायरस, तिच्याच साइटवरून फाइल घ्यायची. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल, ती भाच्यानं पाठवली असली तरी, उघडायची नाही. आणि “तुमचा अँटिव्हायरस संपलाय, आम्ही अपडेट करून देतो” असा फोन आला तर तो सरळ ठेवून द्यायचा. हे आईवडिलांना एकदा नव्हे, दर वेळी सांगा. समोरचा गोड बोलतो आणि आपली माणसं भिडस्त असतात.

आणखी एक गोष्ट. डेफिनिशन ताजी असली म्हणजे विंडोजमधली भोकं बुजतात असं नाही. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनं 12 मे 2017 रोजी जगभर धुमाकूळ घातला. तो ज्या भोकातून शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं त्याआधी मार्चमध्येच दिली होती, पण अनेकांनी ती बसवली नव्हती. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. डिफेंडरच्या डेफिनिशन त्यानंतरही ऑक्टोबर 2028 पर्यंत देण्याचं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं आहे, पण तेवढ्यावर त्या मशीनवरून बँकेचे व्यवहार करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

रविवारी घरी फोन कराल तेव्हा तब्येतीची चौकशी झाली की डेफिनिशनची तारीख वाचून घ्या. आठवड्याहून जुनी असेल तर फोन ठेवण्याआधी अपडेट करून घ्या.