रचनेतून उपजणारे गुण
(वार्षिक सभेतील भाषण)



‘एमआरआयच्या वेळी मूल इतका वेळ निश्चल कसे राहील?’ असे पालक आम्हांला वारंवार विचारतात. शरीरातून येणारा रेडिओ संकेत अतिशय क्षीण असतो. तो दुप्पट स्पष्ट हवा असेल, तर तपासणीला चौपट वेळ द्यावा लागतो. अधिक प्रबळ चुंबक हा दुसरा उपाय. परंतु तो फार खर्चिक आहे. मेटामटेरियल या तिसऱ्या वाटेविषयी आज थोडे निवेदन करावयाचे आहे.

पदार्थाचे गुण सामान्यतः त्याच्या अणुरेणूंवरून ठरतात. मेटामटेरियलचे गुण मात्र रचनेवरून ठरतात. तरंगलांबीहून पुष्कळ लहान अशी वेटोळी नियमित अंतरावर मांडली की, तरंगाला तो समूह एकसंध पदार्थच भासतो. तांबे लोहचुंबकाकडे ओढले जात नाही. पण त्याची वेटोळी ठरावीक कंप्रतेला चुंबकीय पदार्थाप्रमाणे वागतात. या विचाराचे बीज आपल्या देशातही आढळते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये पिळलेल्या तागाच्या जुड्यांमुळे विद्युत्‌ तरंगांच्या कंपनाचे प्रतल वळते, असे दाखविले. पीळ उलटा केला की वळण्याची दिशाही उलटत असे.

दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्रातील रेडिओ तरंगांची हवेतील लांबी सुमारे ४.७ मीटर असते. त्यामुळे तळहातावर मावणारे वेटोळेही येथे लहानच ठरते. इंग्लंडमध्ये जॉन पेंड्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा रचनेतून एमआरआयचा संकेत वाहून नेऊन प्रतिमा मिळविली. अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांचा संच दीड टेस्लाच्या यंत्रात ठेवला, तेव्हा गोंगाटाच्या तुलनेत संकेत सुमारे चौपट स्पष्ट झाला. यंत्र तेच राहिले. केवळ एका साध्या रचनेची भर पडली.

तथापि येथे सावधगिरी अगत्याची आहे. यंत्र शरीरात तरंग सोडते, तेव्हा हीच वेटोळी ऊर्जा एकवटून ऊतींना उष्णता पोहोचवू शकतात. म्हणून त्या क्षणी ती निष्क्रिय राहिली पाहिजेत. रुग्णांवरील वापर पूर्णतः सुरक्षित सिद्ध होईपर्यंत आम्ही कोणासही त्याचे आश्वासन देणार नाही.

आपली देणगी सिद्ध उपचारांवरच खर्च व्हावी, आणि असलेल्या यंत्रातून अधिक लाभ देणाऱ्या संशोधनाकडे आमचे सदैव लक्ष असावे, ही दोन्ही कर्तव्ये आम्ही सारखीच मानतो.