जुन्या दुनळीचें काडतूस



जुन्या घराण्यांतून वारशानें आलेल्या वस्तूंत दुनळी बंदुकीचा मान निराळाच असतो. तिच्या नळ्यांवर नागमोडी नक्षी असते, अक्रोडी दस्त्याला अनेक हातांच्या स्पर्शानें तुळतुळीतपणा आलेला असतो, आणि "आजोबांची बंदूक अजून चालते" असें सांगतांना घरच्या माणसाला अभिमान वाटतो. परंतु ती चालते म्हणजे कोणत्या काडतुसानें चालते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. आज मला याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. कारण बंदूक केवळ म्हातारी झाली म्हणून फुटत नाहीं. तिच्या काळाला न मानवणारें काडतूस तिच्यांत घातलें, तर मात्र फुटूं शकते. आणि फुटते ती नेमकी आपल्या डाव्या हाताजवळ आणि डोळ्यासमोर.

अशा बंदुकांपैकीं पुष्कळशा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत, विशेषतः लंडन व बर्मिंगहॅम या शहरांत तयार झाल्या. तत्पूर्वीच्या ठासणीच्या बंदुकींत दारू, गादी आणि छर्रे हीं सारीं नळीच्या तोंडांतून ठासावीं लागत. पॅरिसच्या लफोशो नांवाच्या कारागिरानें १८३० नंतरच्या दशकांत मधोमध मोडून मागल्या बाजूनें भरण्याची बंदूक प्रचारांत आणली, आणि काडतुसाचें युग सुरू झालें. उडालेलें काडतूस फेकून न देतां पुन्हां भरण्याची चालहि त्याबरोबरच आली. जळालेली टोपी काढून नवी बसवावी, दारू मोजून घालावी, तिच्यावर नमद्याची गादी दाबावी, छर्रे ओतावे आणि तोंड दुमडून बंद करावें. इतकें हें काम सोपें दिसतें. इंग्लंड-अमेरिकेंतील जुन्या बंदुकांचे शोकी आजहि तें हौसेनें करतात.

आपण ज्याला बारा बोअर म्हणतों, त्याचा अर्थ प्रथम सांगतों. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी जितकी जाड होईल तितका नळीचा व्यास. म्हणजे सुमारें ०.७२९ इंच. वीस बोअर म्हणजे पौंडाच्या वीस गोळ्या. अर्थात् आंकडा वाढला कीं नळी अरुंद होते. चुकून बारा बोअरच्या बंदुकींत वीस बोअरचें काडतूस टाकलें, तर तें पुढें सरकून नळींत अडकतें. नळी रिकामी समजून मागून दुसरें काडतूस भरलें आणि चाप ओढला, तर नळीच्या चिंधड्या होतात. हा धोका नव्या-जुन्या सर्व बंदुकांना सारखाच. जुन्या बंदुकीचे खास धोके याहून सूक्ष्म आहेत.

पहिला धोका दारूचा. या बंदुका ज्या काळीं घडल्या, त्या काळीं दारू म्हणजे काळी दारू. शंभरांत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. तिचा धूर फार, घाण फार. पण एक गुण मोठा. दाब वाढला म्हणून ती फारशी अधिक वेगानें जळत नाहीं. पुढें प्रशियाच्या सैन्यांतील शुल्त्स या अधिकाऱ्यानें लांकडापासून नवी दारू केली, आणि १८८४ मध्यें व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञानें खरी धूररहित दारू सिद्ध केली. या नव्या दारूचा स्वभावच वेगळा. दाब जितका वाढेल तितकी ती अधिक त्वरेनें जळते, आणि जितक्या त्वरेनें जळते तितका दाब आणखी वाढतो. म्हणून छर्रे थोडे अधिक घातले, टोपी अधिक जहाल बसविली, गादी बदलली किंवा तोंड अधिक घट्ट दुमडलें, तर दारूचें वजन तेंच असूनहि परिणाम वेगळा होतो. पुन्हां भरणाऱ्यानें तज्ज्ञांनीं पारखून छापलेल्या कोष्टकांतील एकहि घटक आपल्या मर्जीनें बदलूं नये, हा नियम यामुळेंच पडला आहे.

दुसरा धोका मापाचा. जुन्या काळीं दारू मापट्यानें मोजीत आणि तें माप ड्रॅममध्यें सांगत. बारा बोअरचा नित्याचा भार तीन ड्रॅम, म्हणजे सुमारें ८२ ग्रेन काळी दारू. शुल्त्सची दारू मुद्दाम अशी हलकी व फुगीर केलेली होती कीं, त्याच मापट्यांत ती निम्म्याच वजनाची, म्हणजे सुमारें ४२ ग्रेन भरावी. पुढें दाट दारू आल्या आणि मापट्याचा हिशेबच मोडला. आजच्या कित्येक दारूंचा पुरता भार काळ्या दारूच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याहूनहि कमी असतो. अशी दारू आजोबांच्या मापट्यानें कोणी भरली, तर तो काडतूस भरीत नाहीं, सुरुंग भरतो. येथें डोळ्यांचा अंदाज कामाचा नाहीं. एका ग्रेनचा दहावा भाग दाखविणारा तराजूच हवा.

तिसरा धोका लांबीचा, आणि तो सर्वांत फसवा. जुन्या इंग्रजी बारा बोअरच्या नळींत काडतुसासाठीं जें घर असतें, तें बहुधा अडीच इंचांचें. आजचें सर्वसाधारण काडतूस पावणेतीन इंचांचें. पण काडतुसाची लांबी मोजतात ती उडून तोंड उलगडल्यानंतरची. दुमडलेलें लांब काडतूस आंखूड घरांत अगदीं निर्धास्त बसतें, बंदूक बिनतक्रार मिटते, आणि मनुष्य समजतो कीं जोडी जुळली. उडतांना मात्र तोंड उलगडून पुढच्या निमुळत्या भागांत शिरतें, छर्ऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब चढतो. बंदुकींत बसतें तें बंदुकीचेंच, असें मानण्यासारखी दुसरी चूक नाहीं.

मग आपली बंदूक काय सोसूं शकेल, हें ओळखावें कसें? त्याची साक्ष नळ्यांच्या बुडाशीं कोरलेली असते. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या संघाला १६३७ मध्यें सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ मध्यें पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झालें. तेथें प्रत्येक नळींतून नेहमींपेक्षां जबर भार उडवून पाहतात, आणि टिकेल तिच्यावरच ठसा उमटवितात. १८९६ च्या नियमांनीं धूररहित दारूच्या परीक्षेची निराळी खूण ठरली. १९५४ नंतरच्या ठशांत चौरस इंचास किती टन दाब चालेल, हेंहि लिहिलेलें सांपडतें. परंतु ठसा हा ज्या दिवशीं पडला त्या दिवसापुरता दाखला आहे. पुढें कोणी गंज काढण्यासाठीं नळी आंतून घांसली असेल, घर लांबविलें असेल, तर तो दाखला बाद समजावा. नळीच्या भिंतीची जाडी सर्वांत पातळ जागीं निदान वीस हजारांश इंच असावी, असा जाणकारांचा सर्वसाधारण संकेत आहे. आणि ती मोजण्याचें काम हत्यारें बाळगणाऱ्या कारागिराचें, आपल्या नखाचें नव्हे.

नागमोडी नक्षीच्या नळ्यांबद्दल मात्र एक अन्याय दूर केला पाहिजे. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, गजाभोंवतीं गुंडाळून, तापवून व ठोकून त्या जोडीत. त्या सर्वच कच्च्या असतात, अशी समजूत आहे. परंतु गेल्या शतकापूर्वींच्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहानें निरनिराळ्या नळ्यांची तुलना केली, तेव्हां उत्तम इंग्रजी पिळाची नळी पोलादी नळ्यांनाहि मागें टाकून गेली. तात्पर्य, नक्षीवरून निर्णय करूं नये. प्रत्येक नळीचा न्याय वेगळा. आंत गंजाचे खड्डे असतील, तर पोलादी नळीहि भिंतीवरच शोभावी.

जुन्या कारागिरांना काडतुसाचा संयम चांगला ठाऊक होता. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर या विख्यात बंदूककर्त्याचा एक ठोकताळा आहे: बंदुकीचें वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या शहाण्णव पट असावें. सहा पौंडांची बंदूक असेल तर एक औंस छर्रे पुरे. याहून जड भार घातला, तर नळ्या टिकल्या तरी खांदा दुखावतो आणि दस्त्याला मानेशीं चीर पडते. तेव्हां जुन्या बंदुकीसाठीं काडतूस भरणारा कुशल मनुष्य किती जोर वाढवितां येईल हें पाहत नाहीं. किती कमी दाबांत काम भागेल हें पाहतो. छर्ऱ्यांच्या धातूचाहि त्याला विचार करावा लागतो. शिशाच्या विषानें पाणपक्षी मरतात म्हणून अमेरिकेनें १९९१ पासून आणि इंग्लंडनें १९९९ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारींत शिसें वर्ज्य केलें. त्याजागीं आलेले पोलादी छर्रे जुन्या मऊ नळ्यांना ओरखडतात, तोंडाकडील आंखडत्या भागाला फुगवितात. म्हणून तेथील लोक बिस्मथसारख्या मऊ धातूकडे वळले.

आपल्याकडे हा छंद घरीं करण्याजोगा नाहीं, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. १९५९ च्या शस्त्र-कायद्यान्वयें दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव-कायद्यानें शिकारीचे दिवसहि संपविले. परंतु काडतूस विकत घेणाऱ्यालाहि हें ज्ञान तितकेंच आवश्यक आहे. ज्यांच्या घरीं रीतसर परवान्याची जुनी दुनळी आहे, त्यांनीं ती उडविण्यापूर्वीं परवानाधारक कारागिराकडून ठसे वाचून घ्यावे, घराची लांबी व नळीची जाडी मोजून घ्यावी, आणि उत्तर मनासारखें आलें नाहीं तर बंदूक मुकी ठेवण्यांत कमीपणा मानूं नये.

वडिलांच्या हयातींत ती कधीं दगावली नाहीं, हा पुरावा नव्हे. त्यांचें काडतूस निराळें होतें. म्हाताऱ्या माणसाला आपण त्याच्या पचनाप्रमाणें जेवण वाढतों आणि त्याचा मान राखतों. जुन्या दुनळीचा मान राखण्याची रीतहि याहून वेगळी नाहीं.